कळा चालू असताना पाणी किती पाजायचं, सोबत बसणाऱ्या बाईने काय करायचं

मी विदर्भात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली. हे लिहितेय ते बाळंतिणीपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या आईसाठी, सासूसाठी, बहिणीसाठी, कारण पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात असतो.

एक केस सांगते म्हणजे कळेल. मे महिना, बाहेर 45 डिग्री, लेबर रूममध्ये कूलर फिरतोय पण हवा गरमच. पहिलटकरीण पोरगी, रात्रीपासून कळा, सकाळी भरती केली तेव्हा पिशवीचं तोंड 5 सेंटीमीटर उघडलेलं, कळा छान, दर तीन मिनिटांनी येत होत्या, सगळं मस्त चाललं होतं. आई उशाशी बसलेली, प्रत्येक कळ ओसरली की बाटली तोंडाला लावायची, घे बाळा घे, अंगातलं पाणी कमी झालं तर बाळ सुकेल. पोरगी नको म्हणाली तरी दोन घोट घ्यायलाच लावायची. दुपारी दोनच्या सुमारास कळा सहा-सात मिनिटांवर गेल्या आणि त्यात जोरही राहिला नाही, मग कळांचं सलाईन लावलं, तरी म्हणावं तसं पुढे सरकेना. चार वाजता डोकं दुखतंय म्हणाली, मग उलटी, मग मला म्हणते ताई मला घरी जायचंय, दिवा लावायची वेळ झाली. मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण सकाळी हीच पोरगी माझ्याशी व्यवस्थित बोलत होती. बीपी बघितलं, नॉर्मल. आईला विचारलं, मावशी सकाळपासून पाणी किती झालं हो? तिने बोटांवर मोजलं, एक लिटरच्या तीन बाटल्या आणि दोन शहाळी. त्यात आमच्या सलाईनच्या दोन बाटल्या म्हणजे अजून एक लिटर. मोजा, साडेचार लिटरच्या वर गेलं, आणि लघवी दिवसभरात दोनदाच. रक्त पाठवलं, सोडियम 122 आलं.

डॉक्टरांनी लगेच पाणी बंद केलं, कळांचं औषध थांबवलं, जास्त मिठाचं सलाईन मशीनवर हळूहळू दिलं, शेवटी सिझर झालं, आई बाळ दोघंही सुखरूप घरी गेले. पण माझ्या मनात राहिलं ते एवढंच की तिच्या चार्टवर पाणी किती प्यायली हा रकाना रिकामा होता. आम्ही कुणीच तो भरला नव्हता. त्या आईची काय चूक, ती तर मायेनेच पाजत होती.

आता सोडियम कमी होतं म्हणजे काय ते बघू. वरणात मीठ बरोबर पडलंय, त्यात तांब्याभर पाणी ओतलं तर मीठ तेवढंच राहतं पण वरण अळणी होतं ना, रक्ताचं तसंच होतं. मीठ कुठे गेलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. एरवी आपल्या रक्तात सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असतं (मिलिमोल हे मोजायचं एकक, पुढचे आकडेही त्यातलेच), गरोदरपणात ते आपोआप चार-पाचने खाली येतं, म्हणून दिवस भरलेल्या बाईचं 131-132 आलं तर घाबरायचं काही नाही. 130 च्या खाली गेलं की लक्ष द्यायचं, 125 च्या खाली म्हणजे गंभीर. म्हणजे बघा, साधी बाई 140 वरून घसरायला सुरुवात करते आणि बाळंतीण आधीच खालच्या पायरीवर उभी असते.

मग तुम्ही म्हणाल की जास्तीचं पाणी लघवीवाटे जाईल की, एरवी जातंच. एरवी जातं, बाळंतपणात नीट जात नाही, हीच तर सगळी गोम आहे. दुखणं, मळमळ, ताण या तिन्हीमुळे मेंदूतून लघवी रोखणारं हार्मोन सुटतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. वरून कळा वाढवायला जे ऑक्सिटोसिन देतो ते या हार्मोनचं सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं आहे, दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची साखळी आणि फरक फक्त दोन मण्यांचा. तर इतकं सारखं असल्यामुळे जास्त डोसमध्ये ऑक्सिटोसिनही किडनीला तेच सांगतं, पाणी सोडू नको. औषध वाईट नाही, ते गरजेचंच असतं बऱ्याचदा, फक्त ते चालू असताना आत किती पाणी जातंय याचा हिशोब दुप्पट काळजीने ठेवावा लागतो.

आणि कळांचं काय? गर्भपिशवी म्हणजे स्नायूंचीच पिशवी, तिच्या प्रत्येक धाग्यात बाहेर सोडियम जास्त आणि आत पोटॅशियम जास्त असा एक तोल असतो, त्या तोलावर धागा तयारीत राहतो, मग कॅल्शियम आत शिरलं की तो आवळतो, आणि एका धाग्यातून दुसऱ्यात लाट जाते तेव्हा आपल्याला ती कळ म्हणून पोटावर हाताला लागते. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात आणि तो तोल बिघडतो. 2009 साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात 287 बायकांचं बाळंतपणाच्या वेळी सोडियम तपासलं, त्यात ज्या 61 जणींच्या पोटात आणि शिरेतून मिळून अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी गेलं होतं त्यातल्या 16 जणींचं सोडियम 130 किंवा त्याखाली होतं, म्हणजे चौघींमागे एक. सोडियम उतरलेल्या बायकांमध्ये बाळ बाहेर ढकलायचा टप्पा लांबणं, चिमटा-व्हॅक्यूम लागणं आणि पुढे सरकत नाही म्हणून सिझर होणं जास्त दिसलं. बाळंतपण लांबलं की पाणीही जास्त पोटात जातं हे आहेच, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्या एकूण पाण्यातलं दोन तृतीयांश तोंडाने गेलेलं होतं. सलाईनची बाटली सगळ्यांना दिसते, ग्लास कुणी मोजत नाही.

तर आता करायचं काय.

हॉस्पिटलच्या पिशवीत दुपटी, झबली, कागदपत्रं भरता ना, त्यातच एक छोटी वही आणि पेन टाका आणि एक लिटरची पाणी दिसेल अशी बाटली घ्या. बाटलीवर पट्टी लावून मार्करने चार रेघा मारा, पाव, अर्धा, पाऊण, एक. तांब्याने किंवा मोठ्या जगमधून पाजू नका, मोजता येत नाही. वहीत तीन रकाने पुरे, वेळ, काय किती प्यायली, लघवी झाली का. सलाईनची बाटली बदलली की सिस्टरला विचारून तीही लिहा, 500 ची की 1000 ची. उलटी झाली तर तीही लिहा, अंदाजे वाटीभर की जास्त. एका मुलीच्या बहिणीची वही माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, शाळेच्या रेघी वहीचं पान, 10:20 अर्धा ग्लास लिंबू सरबत, 10:50 लघवी भरपूर, 11:15 दोन घोट पाणी, असं शेवटपर्यंत, मधेच एका ओळीवर चहाचा डाग पडलेला. राऊंडला डॉक्टरांनी ते पान बघितलं आणि तिथल्या तिथे सलाईनची धार कमी केली. एवढं काम ते पान करतं.

पाजायचं किती? तहान लागेल तेवढं, घोट-घोट, कळ ओसरल्यावर. नको म्हणाली तर नको. मनाई करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, काही ठिकाणी बाईला दिवसभर कोरडंच ठेवतात तेही चुकीचं, पाणी कमी पडलं तरी बाई थकते आणि कळा मंदावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलंय की धोका नसलेल्या बाईला कळांमध्ये खाऊ-पिऊ द्यावं, आणि हेही सांगितलंय की निव्वळ बाळंतपण लवकर व्हावं म्हणून सलाईन लावू नये. तुमच्या बाईला सिझरची शक्यता आहे, बीपी आहे, मधुमेह आहे, तर मात्र काय द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा, माझ्या लिहिण्यावरून ठरवू नका.

काय पाजायचं हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे ग्लुकोज पावडरचं पाणी आणि शहाळं या दोन गोष्टींवर लोकांचा फार भरवसा, पण साध्या ग्लुकोज पावडरमध्ये मीठ जवळजवळ नसतंच आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी. एखादं शहाळं चालतं, चार नको. त्यापेक्षा मीठ घातलेली भाताची पातळ पेज, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, वरणाचं पाणी, पातळ ताक सोसत असेल तर ताक, हे चांगलं, पोटाला आधारही मिळतो. ओआरएसचं पाकीट आणलं तर ते बरोबर एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासात अर्धं पाकीट असं नाही. आणि घरी केलं तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण एक लक्षात घ्या, ओआरएसमध्ये सोडियम लिटरला 75 असतं आणि रक्तात 130 च्या वर, म्हणजे ओआरएसही रक्तापेक्षा पातळच. मिठाचं आहे म्हणून तेच चार लिटर पाजलं तरी रक्त पातळ होणारच. कितीही चांगलं पेय असू द्या, मोजायचं ते मोजायचंच.

याच्या उलट पण महत्त्वाची एक गोष्ट, पायावर सूज आली की घरातल्या बायका मीठ बंद करतात, अळणी जेवण सुरू. शेवटच्या महिन्यात थोडी सूज बहुतेकींना येते. बीपी वाढू नये म्हणून गरोदर बाईचं मीठ तोडायची गरज नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलेलं आहे, नेहमीचं जेवण नेहमीच्या मिठाचं. आणि सूज तोंडावर, हातावर असेल, डोकं दुखत असेल तर मीठ कमी करत बसू नका, त्याच दिवशी बीपी तपासायला जा.

सलाईनबद्दल थोडं. लोकांना सगळ्या बाटल्या सारख्याच वाटतात पण तसं नाही. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्यात सोडियम लिटरला 130, एनएस म्हणजे नॉर्मल सलाईनमध्ये 154, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज ज्याला लोक ग्लुकोज म्हणतात त्यात शून्य. ग्लुकोज शरीर वापरून टाकतं आणि मागे राहतं नुसतं पाणी, म्हणजे शिरेतून साधं पाणी ओतल्यासारखंच. म्हणून कळांचं औषध आरएल किंवा एनएसमध्ये घालतात, आणि तुम्ही स्वतःहून ताकद येईल एक ग्लुकोज लावा ना सिस्टर असा आग्रह करू नका, हा आग्रह मी रोज ऐकते. थेंबांचा हिशोबही सोपा आहे, साध्या सेटला 20 थेंब म्हणजे 1 मिली, मिनिटाला 40 थेंब पडत असतील तर तासाला 120 मिली, आठ तासांत जवळपास एक लिटर. म्हणजे तोंडाने काहीच न देता एक लिटर गेलं, आता त्यात तुमची बाटली मिळवा. सलाईनच्या नळीवरचं धार कमी-जास्त करायचं चाक मात्र स्वतः फिरवायचं नाही, कळांचं औषध त्यात असलं तर एकदम जास्त गेलं की बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होऊ शकतात, गर्भपिशवी फाटायचाही धोका असतो. थेंब भराभर पडताना दिसले की सिस्टरला हाक मारा बस.

लघवी दर दोन तासांनी. याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि कळा मंदावण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे भरलेलं मूत्राशय, बाळाचं डोकं खाली यायला जागाच राहत नाही. कळा कमी झाल्या की आधी तिला उठवा, संडास-बाथरूमला चालवत न्या, लघवी करू द्या, कुशीवर झोपवा किंवा उभं राहून पलंगाला टेकू द्या, काही खाल्लं नसेल तर दोन घास पेज द्या, हाताला धरून बसा, घाबरलेल्या बाईच्या कळाही मंदावतात. पहिलटकरणीला 5 सेंटीमीटरच्या पुढेही 12 तासांपर्यंत लागू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सगळ्या मंद कळा सोडियममुळे असतात असं नाहीये, फार थोड्या असतात. पण पाणी भरपूर झालंय, लघवी कमी, आणि कळा उतरल्यात असं तिन्ही एकत्र दिसलं तर सिस्टरला वही दाखवा आणि सरळ विचारा, सोडियम बघायचं का? उत्तर आयर्लंडमध्ये 2017 पासून याची लेखी पद्धतच आहे, आत गेलेलं बाहेर आलेल्यापेक्षा दीड लिटरने जास्त झालं की सोडियम तपासायचं. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात लक्षणांची वाट बघावी लागत नाही.

लक्षणं सुरुवातीला फसवी असतात, डोकं जड, मळमळ, उलटी, गळून गेल्यासारखं, हे सगळं बाळंतपणात असतंच ना, म्हणून निसटतं. माझ्या मते सगळ्यात खरी खूण म्हणजे बोलण्यातला बदल आणि ती तुम्हालाच कळते, आम्हाला नाही, कारण तुम्ही तिला ओळखता. असंबद्ध बोलतेय, नाव विचारलं तर उशिरा सांगतेय, टक लावून बघतेय, खूपच झोपाळली, तर थकली असेल म्हणून सोडू नका, त्याच क्षणी हाक मारा. झटका आला तर कुशीवर करा, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नका, पाणी तर नाहीच नाही, आणि डॉक्टर आले की पहिलं वाक्य हे सांगा की सकाळपासून इतके लिटर पाणी झालंय. झटका म्हटलं की सगळ्यांना आधी बीपीचा झटका आठवतो आणि ते बरोबरच आहे, पण तुमच्या एका वाक्यामुळे सोडियमही सोबतच तपासलं जातं. घरी किंवा वाटेत असाल तर 108 ला फोन.

रक्त काढताना एक बारीक गोष्ट, ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून काढलं तर सलाईन मिसळून रिपोर्ट चुकतो, दुसऱ्या हातातून काढायला हवं. गडबडीत कुणाकडूनही होऊ शकतं, तुम्ही नम्रपणे आठवण करून दिली तर कुणी रागावणार नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून बाळंतपणातल्या तपासण्या फुकट आहेत, त्यामुळे खर्चाला घाबरून नको म्हणू नका. आणि सोबत बसायला मिळत नाही असं कुणी म्हणालं तर लक्ष्य नावाच्या, लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमात सरकारी लेबर रूममध्ये एक बाई सोबत असू द्यावी असं ठरलेलं आहे, विचारून बघा.

सोडियम कमी निघालं तर घरच्या घरी मीठ चाटवणं, मिठाचं पाणी पाजणं असलं काही करायचं नाही. बहुतेक वेळा पाणी थांबवलं आणि औषधाची बाटली बदलली की किडनी स्वतःच जास्तीचं पाणी काढून टाकते. झटका किंवा भ्रम असेल तर तीन टक्क्यांचं सलाईन देतात, तेही थोडं थोडं आणि परत परत रक्त तपासून, कारण सोडियम एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते. ते डॉक्टरांचं काम. तिला तहान लागली तर ओठ ओल्या कापसाने पुसा, चूळ भरू द्या.

आणि बाळ. आईचं सोडियम उतरलं की बाळाचंही उतरतं, वारेतून दोघांचं पाणी एकच असतं. त्यामुळे आईचं कमी निघालं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना तोंडाने सांगा, फाईलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका, ड्युटी बदलते, नवीन माणूस येतो. बाळ नीट ओढत नाही, हातपाय थरथरतात, श्वास मधेच थांबतो असं पहिल्या दिवसात दिसलं तर लगेच दाखवायचं. बाळंतिणीला पहिल्या दिवशी लघवी भरपूर होईल, चांगलंच आहे ते, अंगातलं साठलेलं पाणी निघतंय. तोपर्यंत वही बंद करू नका, बाळ झाल्यावरही 24 तास लिहा, कारण बाळ झालं की पाहुणे येतात, जो तो बाळंतिणीच्या हातात काहीतरी प्यायला देतो आणि रक्तस्राव थांबवायचं औषध, म्हणजे बहुतेक वेळा तेच ऑक्सिटोसिन, तेव्हाही चालू असू शकतं.